सशाच्या कवटीत हाड भरलं म्हणजे आईच्या जबड्यातही भरेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऐरोलीतल्या डेंटिस्टनी आईंना इम्प्लांटच्या (दाताच्या मुळाऐवजी जबड्यात बसवायच्या स्क्रूच्या) आधी बोन ग्राफ्ट, म्हणजे हाडाची पावडर, भरून घ्यायला सांगितलंय. कंपनीच्या माहितीपत्रकात 'सशांवरील चाचणीत 8 आठवड्यांत नवीन हाड' असं छापलंय. त्यावर कितपत विसंबायचं?

मी ठाण्यात हिरड्यांचा आणि इम्प्लांटचा डॉक्टर आहे. एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, काळात अशा प्रयोगांत मदतनीस म्हणून काम केलंय. त्या वाक्यावरून एवढंच धरून चाला, की पावडरीला शरीर सहसा वाईट प्रतिक्रिया देणार नाही. आईंच्या जबड्यात किती हाड येईल, याचा अंदाज त्यातून लागत नाही.

प्रयोग साधारण असा होतो. सशाला भूल देऊन कवटीच्या हाडात ट्रिफाइन बरने (आतून पोकळ, गोल कापणाऱ्या ड्रिलने) छिद्रं पाडतात, वरून सलाइनची धार चालू ठेवून. (हाड 47 अंश सेल्सियसला मिनिटभर राहिलं तरी त्याला इजा होते, हे 1983 साली सशांवरच दाखवलं गेलं. इम्प्लांटसाठी ड्रिल करताना आईंच्या तोंडात पाणी सोडतील ते त्यासाठीच.) एका छिद्रात पावडर भरतात, एक रिकामं सोडतात. काही आठवड्यांनी सशाला मारून तेवढा भाग काढतात, त्याच्या पातळ चकत्या रंगवून मायक्रोस्कोपखाली मोजतात: नवं हाड किती टक्के, पावडरीचे कण किती उरले, आणि नुसते मऊ तंतू किती.

सगळी मेख त्या रिकाम्या छिद्रात आहे. लहान छिद्र पावडरीशिवायही बऱ्यापैकी भरून येतं. म्हणून प्राणी जिवंत असेपर्यंत आपोआप बुजणार नाही एवढं मोठं छिद्र हवं. त्याला क्रिटिकल साइझ डिफेक्ट म्हणतात. उंदराच्या कवटीत ते सर्वसाधारणपणे 8 मिलिमीटर धरतात, सशाच्या कवटीत 15. प्रत्यक्षात मात्र एकाच सशाच्या कवटीत 6 किंवा 8 मिलिमीटरची चार छिद्रं पाडण्याची पद्धत फार चालते. कमी सशांत जास्त तुलना होते आणि सुरुवातीचा वेग पाहायला ते ठीकही आहे. पण मग रिकाम्या छिद्रात किती हाड आलं तो आकडा शेजारी नसेल, तर 'इतके टक्के हाड' या दाव्याला काहीच अर्थ उरत नाही. माहितीपत्रकात तो आकडा सहसा गाळलेला असतो.

फोटोंनाही भुलू नका. पावडर बहुतेक वेळा कॅल्शियम फॉस्फेटचीच असते, त्यामुळे भरल्या दिवसापासून ती एक्स-रेवर पांढरी दिसते. मायक्रो-सीटीला (अगदी बारीक तपशील दाखवणाऱ्या सीटी स्कॅनला) सुद्धा कण कुठला आणि हाड कुठलं हे वेगळं करताना अडचण येते. खरा निकाल चकतीवरच लागतो.

शिवाय कवटीवर चावण्याचा दाब नाही, लाळ नाही, जंतू नाहीत. ससे तरुण, धडधाकट. त्यांना ना मधुमेह, ना मशेरीची सवय. त्यांचं हाड माणसापेक्षा लवकर बदलतंही. त्या मानाने कुत्र्याचा जबडा आपल्याला जवळचा. 2005 साली एका संशोधक गटाला कुत्र्यांवर नीट दिसलं, की दात काढल्यावर 8 आठवड्यांतच गालाकडची हाडाची भिंत खचते. पुढे त्याच गटाने खड्ड्यात गाईगुरांच्या हाडापासून बनवलेला ग्राफ्ट भरून पाहिला. हाड भरायचा वेग वाढला नाही, उलट सुरुवातीला मंदावला; पण जबड्याची रुंदी टिकली. लोकलमध्ये रुमाल टाकून सीट धरतात ना, ग्राफ्टचं काम बरंचसं तेवढंच: जागा धरायची. येऊन बसायचं काम हाडाचं. (गाईगुरांचं हाड घरात चालणार नसेल तर आधीच सांगा, सिंथेटिक ग्राफ्ट मिळतात.)

कुत्र्यांवरचे प्रयोग मला स्वतःला जड जातात. आपल्याकडे 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. पण 'प्राण्यांवरचं सगळं निरुपयोगी' असंही मी म्हणणार नाही. इम्प्लांटच बघा. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क या डॉक्टर-संशोधकांनी सशाच्या पायाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी निघेचना, हाड तिला घट्ट धरून बसलं. त्यातून 1965 साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट गेलं.

आता डॉक्टरांना विचारायचं ते हे: या ग्राफ्टची माणसांमधली बायोप्सी पाहिली आहे का? ग्राफ्ट भरल्यावर काही महिन्यांनी इम्प्लांटसाठी ड्रिल करावंच लागतं. तेव्हा साध्या बरऐवजी ट्रिफाइन वापरली, तर एरवी भुगा होऊन जाणारा तुकडा अख्खा तपासायला मिळतो. अशा तपासण्या ज्या ग्राफ्टच्या प्रसिद्ध झाल्या आहेत, तो निवडावा. नवा आणि स्वस्त म्हणून फक्त सशांच्या भरवशावर मी तरी वापरत नाही.

जाताना आईंचा एचबीएवनसीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा) ताजा रिपोर्ट न्या. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल, तर तेही आवर्जून सांगा. दाताच्या डॉक्टरला त्याच्याशी काय करायचंय, असं वाटून बरेच पेशंट ते सांगत नाहीत, आणि जबड्याचं हाड न भरण्याचा धोका नेमका त्या औषधांत असतो.