जुनी ट्रायम्फ 650 मोटरसायकल: सिग्नलला ऑइल प्रेशर पडतं, रिलीफ व्हॉल्व्ह घट्ट करू का?

नको. तीन हात नाक्याच्या सिग्नलला तापलेलं इंजिन आयडलिंगवर असताना हा जादा प्रेशर सोडून देणारा व्हॉल्व्ह बंदच असतो. स्प्रिंगखाली वॉशर टाकलात तर फक्त वरच्या आरपीएमचं प्रेशर वाढेल, आणि टायमिंग कव्हरमधल्या क्रँकच्या ऑइल सीलवर ताण येईल. तसाही या व्हॉल्व्हला अ‍ॅडजस्टिंग स्क्रू नाही. आत नुसता पिस्टन आणि स्प्रिंग.

आधी ऑइल प्रेशर स्विच काढून तिथे मेकॅनिकल गेज लावा. गरम इंजिनला चालताना 65 ते 80 पीएसआय आणि आयडलिंगला 20 ते 25 असायला हवं. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये थोडं कमी दिसलं तर घाबरू नका, पण स्कूटरचं 10डब्ल्यू-30 ऑइल भरलं असेल तर आधी ते बदला. 20डब्ल्यू-50 टाका.

चालताना आणि आयडलिंगला, दोन्हीकडे कमी दिसलं तर व्हॉल्व्ह खोला: टायमिंग साइडला (इंजिनच्या उजव्या बाजूला), क्रँककेसच्या पुढच्या बाजूला मोठा षटकोनी बोल्ट, खाली ट्रे. पिस्टन स्वच्छ पुसून, ऑइलचं बोट लावून परत सोडा. स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. बारीक कचऱ्यानेही तो अर्धवट उघडा अडकतो. ओरखडे खोल असतील तर घासत बसू नका, पूर्ण व्हॉल्व्ह बदला. बसवताना बोल्टखालचा वॉशर नवाच.

व्हॉल्व्ह ठीक निघाला तर ऑइल पंपातल्या बॉल व्हॉल्व्हखालची घाण, मग ते क्रँकचं सील आणि शेवटी बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) तपासा. शेवटचं निघालं तर खिसा रिकामा.