रानातल्या अळंब्या शोधून त्यांचे फोटो काढण्यात लोकांना एवढी काय मजा येते? खायच्या नसतील तर उपयोग काय, आणि सुरुवात कुठून करायची?

'उपयोग काय' याचं उत्तर आधी देऊन टाकतो: काही नाही. माझ्या मोबाइलमध्ये अळंब्यांचे हजारांवर फोटो असतील. त्यातल्या एकाचेही पैसे आले नाहीत, आणि बायकोच्या मते त्या जागेत नातेवाइकांच्या लग्नाचे फोटो राहिले असते.

मी भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या बाजूला एका राइस मिलमध्ये मुनीम आहे. दिवाळीच्या आसपास धानाची आवक सुरू झाली की जेवायला फुरसत नसते. पण जुलै-ऑगस्टात अख्खं गाव रोवणीला बांधीत उतरलेलं असतं आणि मिलवर उरतो मी, चौकीदार आणि मागच्या अंगाला भुशाचा ढीग. या ढिगानेच मला नादी लावलं.

ढिगाच्या कडेला जुनं शेणखत पडलं होतं. एका सकाळी तिथे बोटभर उंचीच्या राखाडी छत्र्या दिसल्या, अजून न उघडलेल्या, अंगावर पांढरी लव. जेवण झाल्यावर फोटो काढू म्हणून दोन उपटून टेबलावरच्या जुन्या बिलबुकावर ठेवल्या आणि कामाला लागलो. दोनच्या सुमारास पाहतो तर टोपी अर्धी गायब आणि बिलबुकावर काळे थेंब. आधी वाटलं पेन गळला. मग लक्षात आलं की छत्रीची कडच विरघळून शाई होऊन गळतेय. आगपेटीची काडी त्यात बुडवून त्याच पानावर तारीख लिहिली. ती अक्षरं अजून वाचता येतात, जरा तपकिरी झाली आहेत इतकंच.

नंतर वाचलं की ही तिची रीतच आहे. टोपीखालच्या पातळ पट्ट्यांना, म्हणजे कल्ल्यांना, काळे बीजाणू, म्हणजे अळंबीचं बी, धरतात. बीजाणू पिकले की अळंबी कल्ले खालच्या कडेपासून स्वतःच पचवत वर जाते, म्हणजे वरच्यांना खाली पडायला वाट मोकळी होते. रात्री उगवायचं आणि दुपारच्या आत शाई होऊन संपायचं. ढिगावरच्या बाकीच्याही तोवर गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सहा वाजताच मिलवर हजर झालो. चौकीदाराला वाटलं मालक येणार आहेत.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तिथे मिळालं. मजा वेळ साधण्यात आहे. वाघ एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दिसेल, मोर तर रोजच ओरडतो. ही बया सहा तास उभी राहते, तेही तिच्या मर्जीने. तुम्ही त्या सहा तासांत तिथे वाकलेले असलात तर तुमची.

मुनीमच असल्यामुळे मी याचीही रोजकीर्द ठेवतो. तारीख, जागा, पाऊस कधी पडला, काय दिसलं. वर्षअखेरीस जागेप्रमाणे खतावणी. माझ्या जागा अकरा आहेत आणि सगळ्या घरापासून दोन किलोमीटरच्या आत: भुशाचा ढीग, बोडीची म्हणजे छोट्या तळ्याची पाळ, मोहाच्या झाडाजवळचं वारूळ, धुऱ्यावरचा म्हणजे शेताच्या बांधावरचा बाभळीचा बुंधा अशा. नवेगाव-नागझिरा जवळ आहे, पण पावसाळ्यात पर्यटन बंद असतं आणि अभयारण्यातून पानसुद्धा उचलायची मुभा नाही. मला तिथे जायची गरजही पडलेली नाही.

बाहेरून येणारे मित्र सागवानात जाऊ म्हणतात. सागाच्या मुळांशी जी बुरशी भागीदारी करते, ती छत्री काढतच नाही, सगळा व्यवहार जमिनीखाली उरकते. तिथे दिसतात त्या पडल्या पानावरच्या, काडीच्या गुलाएवढ्या टोप्या. सुंदर असतात, पण त्यासाठी पानापानावर नाक घासायची तयारी लागते.

सात्या, म्हणजे वारुळावर उगवणाऱ्या खायच्या अळंब्या, तुम्हाला माहीत असतील. कोणी टेकोडे म्हणतं. आमच्याकडे लहानपणापासून त्या ताटातच पाहिलेल्या. त्यांचं शास्त्रीय नाव टर्मायटोमायसिस, अर्थ सरळ आहे: उधईची बुरशी. फ्रेंच बुरशीतज्ज्ञ रोजे एम यांनी 1942 साली हे नाव दिलं. गंमत ही की या प्रकरणात शेतकरी उधई आहे. तिला लाकडाचा कठीण भाग पचत नाही. म्हणून ती वाळकी पानं, काड्या खाऊन वारुळाच्या पोटात विष्ठेचे स्पंजासारखे गड्डे रचते, त्यावर ही बुरशी वाढवते, आणि बुरशीने मऊ केलेलं मग खाते. पाऊस जमिनीत मुरला की त्या गड्ड्यातून एक लांब मूळ वर निघतं आणि भुईवर छत्री उघडते. त्यामुळे ओढून काढली तर सात्या तुटते, मूळ खालीच राहतं. धिंगरी अळंबी तणसावर कोणीही लावतो. सात्या लावायला मात्र उधईच पाहिजे. नागपंचमीला आम्ही ज्या वारुळाला दूध-लाह्या वाहतो, ते नागाचं घर नंतर, आधी उधईचं शेत.

आमच्या घरामागे एक आजी आहेत. सात्यांच्या बाबतीत तालुक्यात त्यांचा हात धरणारं कोणी नसेल. वीज कडाडली की सात्या निघतात असं त्या म्हणतात. माझ्या रोजकीर्दीत मोहाजवळच्या वारुळाच्या नऊ नोंदी आहेत. त्यातल्या सहा, उघाड पडून परत जोराचा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या. असा पाऊस बहुतेक कडकडाटासहच येतो, म्हणजे आजींचा हिशोब माझ्यापेक्षा सोपा आणि तेवढाच बरोबर. पण स्वतःच्या जागा त्या कोणालाही सांगत नाहीत, सुनेलाही नाही. एकदा मी पाळीवर पालथा पडून फोटो काढत होतो, तर डोक्यावर टोपली घेऊन थांबल्या.

"काऊन बाबू, चक्कर आली का?"

"नाही आजी, फोटो काढून राहिलो."

"फोटोची भाजी होते का?"

आता त्या स्वतःच दारात हाक मारून सांगतात, पण फक्त खायच्या कामाच्या नसलेल्यांबद्दल. "तिकडं तुझ्यासारखी एक निंगाली," म्हणतात. 'तुझ्यासारखी' म्हणजे काय, मी विचारलेलं नाही.

त्यांनीच एकदा सांगितलं की बांबूच्या बेटात काहीतरी मेलंय, वास येतो. मेलं काहीच नव्हतं. पालापाचोळ्यात कोंबडीच्या अंड्याएवढी पांढुरकी गाठ होती आणि शेजारी तसलंच एक अंडं फाटून पांढरा दांडा वर आला होता. दांड्याच्या शेंड्यावर हिरवट-काळा चिकटा, त्यावर माश्या. सहा चाळीसला मी बसलो तेव्हा टोपीखालून जाळी नुकती डोकावत होती. साडेसातपर्यंत ती जमिनीला टेकली, एखाद्या नवरदेवाच्या फेट्याला झिरमिळ्या सोडाव्यात तशी. वास सडक्या मांसाचा असतो, कारण गिऱ्हाईक माशी आहे. बीजाणू त्या चिकट्यात असतात, माशी पायाला लावून नेते. तासभर नाकाला रुमाल बांधून बसलो होतो. दुपारी परत गेलो तर सगळं आडवं.

पण सगळ्यात जास्त पानं भरली आहेत ती एका आंब्याच्या ओंडक्याची. शाळेमागचं झाड वादळात पडलं, फांद्या लोकांनी जळणाला नेल्या, खोड राहिलं. पहिल्याच पावसाळ्यात त्याच्यावर पांढरे केसाळ पंखे आले, नखाएवढे. खालून पाहिलं तर प्रत्येक कल्ला लांबीत दुभंगलेला. कोरडं पडलं की दोन्ही भाग वळून मिटतात, पाणी लागलं की उघडतात. मी मे महिन्यात एक तुकडा घरी आणून वाटीत भिजवला, तर थोड्या वेळात उघडला. हिला स्किझोफायलम म्हणतात. आपल्यात नर-मादी दोन. हिच्यात जोडी जुळवायचे प्रकार वीस हजारांच्या वर आहेत. आमच्या गावातल्या सोयरिकी जुळवणाऱ्या बुवांना हे सांगितलं, ते बराच वेळ गप्प होते.

दुसऱ्या वर्षी त्याच खोडावर शेंदरासारख्या केशरी ताटल्या आल्या, आणि पाऊस लागला की ओल्या कानासारख्या लिबलिबीत तपकिरी अळंब्या. तिसऱ्या वर्षी खालच्या अंगाला काळे गोळे, कोळशासारखे. एक कापून पाहिला तर आत कांद्यासारखी वलयं. आता साल सुटलीय, लाकूड बोटाने दबतं, आणि एका रात्रीत शेकडो इवल्या राखाडी टोप्या निघतात. मागच्या श्रावणात पिवळ्याधमक ओकारीसारखं काहीतरी पसरलं होतं. ती बुरशीच नव्हे, चिकट बुरा म्हणतात तो वेगळाच जीव आहे, हळूहळू सरकतो. तेच खोड, तोच मी, आणि दर वर्षी भाडेकरू नवे. खोड हटवू नका म्हणून मी शाळेत दोनदा विनंती केली आहे.

फोटोचं सांगतो. महागडा कॅमेरा लागत नाही. मोबाइल उलटा धरा, म्हणजे लेन्स खालच्या बाजूला येते आणि जमिनीला टेकून अळंबीच्या उंचीवरून पाहता येतं. माणसाच्या उंचीवरून काढलेला अळंबीचा फोटो पापडासारखा दिसतो. हात हलू नये म्हणून मी अर्धा किलो धान भरलेली कापडी थैली ठेवतो, त्यात मोबाइल रुततो. दोन सेकंदांचा टायमर लावतो. ऊन असेल तर छत्री धरायची. कल्ल्यांखाली अंधार असतो, तिथे वहीचं कोरं पान आडवं धरलं की उजेड परततो. टोपीखालचं पाहायला दाढीचा आरसा, म्हणजे उपटावं लागत नाही. मापासाठी शेजारी दहाचं नाणं ठेवून एक फोटो घ्या, ते 27 मिलिमीटरचं असतं. आणि वरून, बाजूने, खालून, शिवाय कशावर उगवलीय त्याचा, असे चार फोटो नसतील तर ओळखणारा कितीही जाणकार असो, हात वर करेल. मी फोटो आयनॅचरलिस्टवर टाकतो, तिथे जाणकार लोक फोटोवरून जीव ओळखून देतात. बहुतेकदा कुळापर्यंत पोहोचतो, जात कळत नाही.

आता खाण्याबद्दल, कारण इथे माझी चूक झाली आहे. धर्मकाट्याजवळच्या गवतात एकदा मोठ्या पांढऱ्या छत्र्या आल्या, वर तपकिरी खवले, दांड्याला कडं. देखणा फोटो निघाला. घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली शहाणपणाने लिहिलं, 'खायची दिसते.' रात्री एक टोपी पांढऱ्या कागदावर वाटीखाली झाकून ठेवली, बीजाणूंचा ठसा घ्यायला. सात्यांचा ठसा फिकट गुलाबी येतो. सकाळी वाटी उचलली तर कागदावर शेवाळी हिरवी चक्री. क्लोरोफायलम मोलिब्डायटिस. तिने माणूस सहसा मरत नाही, पण उलट्या-जुलाबांनी आडवा होतो. मोबाइल पाहतो तर मेव्हण्याचा मेसेज: आमच्या आवारात पण आहेत, सकाळी करतो. सहा वाजता फोन केला. कांदा चिरून झाला होता.

तेव्हापासून मी कोणालाही फोटो पाहून 'खा' म्हणत नाही. विषारी असेल तर चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण रंग बदलते, किड्यांनी खाल्लेली असेल तर चालते, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. सगळ्यात घातक विष, अमाटॉक्सिन, शिजवून जात नाही. त्याचा त्रास सहा-बारा तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू होतो, मधे बरं वाटतं आणि आत यकृत निकामी होत असतं. कोणी खाल्लीच तर बरं वाटायची वाट न पाहता दवाखाना, आणि उरलेली अळंबी सोबत.

गवतात लोळायचं म्हणजे फुलपँट, पूर्ण बाह्या आणि घरी आल्यावर अंघोळ. 2018 च्या पावसाळ्यात नागपूरकडे स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण सापडले होते, तो गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो. अंगावर काळी खपली आणि ताप दिसला तर डॉक्टरांना गवतात गेल्याचं सांगा. ओंडक्याखाली हात घालण्याआधी काठी घाला. आणि जंगलालगत एकटं वाकून बसू नका. मागून पाहणाऱ्या वाघाला वाकलेला माणूस माणसासारखा दिसत नाही.

सुरुवात? रानात जाऊच नका. परसातल्या कुजक्या काड्या, जुनं शेण, कुंड्यांच्या कडा पाहा. तिथे डाळीच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे, तपकिरी पेले सापडतील, आत चार-पाच चपट्या गोळ्या, चिमणीच्या घरट्यात अंडी असावीत तशा. पावसाचा टपोरा थेंब पेल्यात पडला की त्या गोळ्या उडतात, कधी मीटरभरही. पावसाची वाट पाहायची नसेल तर बाजूने मोबाइलवर स्लो मोशन लावा आणि वरून ड्रॉपरने थेंब सोडा, नीट उंचावरून. माझे पहिले अकरा थेंब मोबाइलवर पडले. बारावा लागला, तेव्हा रेकॉर्डिंग बंद होतं.