कॅप्सूल हलकी केली, तर बलून किती उंच जाईल?

प्रश्न : २६ नोव्हेंबर २००५ रोजी विजयपत सिंघानिया मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून गरम हवेच्या बलूनमधून २१,०२७ मीटरपर्यंत गेले आणि आमच्या सिन्नर तालुक्यात पांचाळे गावी उतरले. माझे आजोबा ती गोष्ट अजून रंगवून सांगतात. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आज कार्बन फायबर पूर्वीपेक्षा सहज मिळतं. माणूस बसतो ती बंद कॅप्सूल आणि गॅसचे सिलिंडर कंपोझिटचे (तंतू आणि रेझिन मिळून बनलेले) करून शंभरेक किलो वाचवले, तर ती उंची ओलांडता येईल का?
— एक विद्यार्थी, सिन्नर

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकतीस वर्षं मी भोसरीत फायबरचं लॅमिनेशन, म्हणजे रेझिन या घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाने कापडाचे थर एकमेकांवर बसवण्याचं काम केलंय, त्यामुळे हा प्रश्न माझ्या हातातला आहे.

आधी हिशेब मांडू. त्या बलूनचं आकारमान सुमारे १६ लाख घनफूट, म्हणजे ४५,००० घनमीटर. २१ किलोमीटरवर हवा समुद्रसपाटीच्या सोळाव्या हिश्शाइतकी विरळ. एवढा प्रचंड बलून तिथे बाजूला सारतो ती हवा भरते ३,४०० किलोच्या आसपास. आतली हवा १०० अंशांवर आणि बाहेरची उणे ५६ धरली, तर उचल मिळते साधारण १,४०० किलोंची. कापड, दोर, बर्नर, उरलेला गॅस, कॅप्सूल आणि माणूस, सगळं तेवढ्यातच बसवायचं. तुमचे शंभर किलो म्हणजे त्याचा चौदावा हिस्सा. तिथे हवा तेवढ्या हिश्शाने विरळ व्हायला साधारण साडेचारशे मीटर लागतात. म्हणून उत्तर हो, जाईल. पण साडेचारशे मीटरच वर. बाकीची उंची मोठ्या आणि हलक्या कापडातून काढावी लागेल.

सुरुवात सिलिंडरपासून करा. गॅस जळून जातो, पण रिकामा सिलिंडर टोकापर्यंत सोबत येतो. घरी आता कंपोझिटचा सिलिंडर मिळतो, तो एकदा उचलून पाहा. आत प्लॅस्टिकचं भांडं, त्यावर रेझिनमध्ये गुंडाळलेलं काचतंतूचं कवच. लोखंडी सिलिंडरच्या मानाने तो किती हलका लागतो ते हातालाच कळेल. उड्डाणाला मात्र त्या कामासाठी तपासून मंजूर झालेलाच सिलिंडर हवा.

कॅप्सूलची गोष्ट वेगळी. १९ किलोमीटरच्या वर दाब इतका उतरतो की शरीराच्या उष्णतेलाच पाणी उकळतं, त्यामुळे आत दाब धरावाच लागतो. आत निम्म्या वातावरणाचा दाब ठेवलात, तर ६० सेंटीमीटर व्यासाच्या दारावर आतून सव्वा टनाहून जास्त जोर येतो. कार्बनचं कापड तो ताण सोसतं. दगा होतो तो दाराच्या कडेला, बोल्टच्या भोकाला, वायर बाहेर जाते तिथे. थंडीत ॲल्युमिनियम आकसतं, कार्बन जवळजवळ जागचा हलत नाही, आणि दोघांच्या मधलं चिकटवण ताणलं जातं.

एक प्रसंग सांगतो. जुलै महिना होता, बाहेर धो धो पाऊस. आमच्याकडे दाबाच्या एका टाकीचं काम चाललं होतं. वरून ती आरशासारखी गुळगुळीत. चाचणीला हवा भरली आणि नोझलपाशी बारीक शीळ ऐकू आली. कापून पाहिलं तर बुशाभोवती, म्हणजे भोकात बसवलेल्या धातूच्या नळीभोवती, तिसरा आणि चौथा थर एकमेकांना धरूनच नव्हते; दमट कापड तसंच साच्यावर चढवलं होतं. ते मी माझ्या हाताने रोलर मारून बसवलं होतं. तेव्हापासून कापड कोरडं असल्याची खात्री केल्याशिवाय मी रेझिन घट्ट करणारा हार्डनर मिसळला नाही.

म्हणून धातू दगा देत नाही, असंही नाही. स्विस शास्त्रज्ञ ऑगस्ट पिकार्ड १९३१ साली बलूनखालच्या ॲल्युमिनियमच्या गोळ्यात बसून १५,७८१ मीटरवर गेले, तेव्हा वाटेत गोळा गळायला लागला. त्यांनी ती फट तंतू आणि व्हॅसलिन कोंबून बुजवली. फट दिसली म्हणून बुजवता आली. कंपोझिटमध्ये थर आतल्या आत सुटतात आणि वरचा रंग तसाच चकचकीत राहतो, मला भीती वाटते ती याची.

तरी हा माल नाकारू नका. पिकार्डांचे नातू बर्ट्रांड आणि ब्रायन जोन्स यांनी १९९९ मध्ये बलूनमधून पृथ्वीची फेरी पूर्ण केली ती केव्हलर (एक चिवट कृत्रिम तंतू) आणि कार्बन फायबरच्या कॅप्सूलमधून. फेलिक्स बाउमगार्टनर २०१२ मध्ये बलूनने ३९ किलोमीटरजवळ पोचले, त्यांच्या कॅप्सूलचं कवच काचतंतू आणि इपॉक्सी रेझिनचं होतं. ॲलन युस्टेस यांनी तर २०१४ मध्ये कॅप्सूलच काढून टाकली, नुसत्या दाबाच्या पोशाखात बलूनखाली लटकून ४१ किलोमीटर ओलांडले. वजन कमी करण्याचा इतका सरळ विचार मी दुसरा पाहिलेला नाही. पण बाउमगार्टनर आणि युस्टेस यांचे बलून हेलियमचे, तुमचा मार्ग गरम हवेचा. त्यांची उंची आणि तुमची एका तराजूत घालू नका.

तुम्ही आता एवढंच करा. एक फूट बाय एक फुटाचा कार्बन फायबरचा पत्रा बनवा, मध्ये ॲल्युमिनियमचा बुश बसवा. कोरड्या बर्फात (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये) रात्रभर ठेवा, बाहेर काढा, पुन्हा ठेवा, असं दहा वेळा. खोलीची दारं-खिडक्या उघड्या ठेवा आणि हातमोजे घाला. मग जुना रुपया घेऊन बुशाभोवती बोटभर अंतराने वाजवत जा. भरीव जागी टणक आवाज येतो, थर सुटला असेल तिथे बद्द येतो. जिथे बद्द वाजेल तिथे पेन्सिलीने गोल करा आणि पत्रा मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठवा. मी कापून बघतो आणि काय निघालं ते कळवतो.