पाण्याखालचे पंधरा मीटर

प्रश्न : सोळाव्या वर्षी मी १०० मीटर फ्रीस्टाइल १ मिनिट ९ सेकंदांत पोहायचो आणि आमच्या तरणतालावर ती वेळ चांगली समजली जायची. माझी १३ वर्षांची लेक १ मिनिट ६ सेकंदांत येते. उंची आणि ताकद दोन्ही माझ्याहून कमी, मग हे होतं कसं? बरोबरच्या मुलींनी महागडे रेसिंग सूट घेतलेत, तिलाही घ्यावा का?
— एक पालक, रामबाग, इंदूर

उत्तर : सूट आत्ता घेऊ नका. तिने वाचवलेले सेकंद बहुधा भिंतीपाशी वाचले आहेत.

पृष्ठभागावर पोहणारा स्वतःच लाट उठवतो आणि त्यातच त्याची ताकद खर्च होते. अर्धा-पाऊण मीटर खाली हा विरोध बराच कमी असतो. शिवाय भिंतीला रेटा देऊन सुटतानाचा वेग पोहण्याच्या वेगापेक्षा जास्त असतो, डॉल्फिन किकने (दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखे वर-खाली मारून) तो टिकवता येतो. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ आणि सुवर्ण जिंकणारा जपानचा दाइची सुझुकी बॅकस्ट्रोकला इतके लांब पाण्याखालून गेले की पुढे मर्यादा घालावी लागली. आज फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायला १५ मीटरपर्यंत डोकं वर यावंच लागतं. २५ मीटरच्या तलावात एक स्टार्ट आणि तीन टर्न, म्हणजे शंभरातले ६० मीटर पाण्याखालून जाता येतात! तुमच्या पिढीला टर्न झाला की लगेच वर येऊन हात मारायला शिकवलं जायचं.

बाकीचा वाटा गॉगलचा (ऑलिम्पिकमध्ये १९७६ पासून, त्यामुळे डोळे न चुरचुरता लांब सराव जमू लागला), लाट मोडणाऱ्या लेन-दोरांचा, खोल तलावांचा आणि मागे तिरपी फळी असलेल्या स्टार्टिंग ब्लॉकचा. १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या मार्क स्पिट्झने १०० मीटर फ्रीस्टाइल ५१.२२ सेकंदांत जिंकली, २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये चीनच्या पान झानलने ४६.४० नोंदवले.

सूटचं म्हणाल, तर २००९ मध्ये रोमच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत पॉलियुरेथेनच्या, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या, सूटमध्ये ४३ विश्वविक्रम झाले आणि २०१० पासून ते सूट बंद झाले. त्याच रोममधला ब्राझीलच्या सेझार सिएलोचा १०० मीटर फ्रीस्टाइलचा ४६.९१ सेकंदांचा विक्रम रुमानियाच्या डेव्हिड पोपोविचीने २०२२ मध्ये, सतराव्या वर्षी, कापडी सूटमध्ये मोडला. अमेरिकेत तर १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना असे महागडे रेसिंग सूट (टेक सूट) २०२० पासून मनाई आहे. वाढत्या अंगाला तो सूट वर्षभरात तोकडा होईल, ते वेगळंच.

त्यापेक्षा हे करा. हात डोक्यापुढे ताणून एका हाताच्या पाठीवर दुसऱ्याचा तळवा, वरच्या हाताचा अंगठा खालच्या हाताला अडकवलेला, दंड कानांमागे. भिंतीवरून सुटून पाच-सहा किक आणि मगच हात. १५ मीटरचे आठ फेरे, मध्ये ४५ सेकंद विश्रांती. पाय भिंत सोडताच स्टॉपवॉच सुरू करा आणि डोकं १५ मीटरच्या खुणेवर आलं की थांबवा. पाच किकनी वेळ चांगली येते की सात किकनी, ते घड्याळच सांगेल. वेग मंदावल्यावरही खाली राहिलं तर तोटाच. नेहमीच्या चुका दोन : टर्नआधी डोकं उचलून भिंत बघणं, त्याने कंबर खाली जाते, आणि वर येताच पहिल्याच हाताला श्वास घेणं, त्याने मिळालेला वेग तिथेच मरतो. श्वास रोखण्याच्या पैजा मात्र कधीही लावू देऊ नका. आधी जोरजोराने श्वास घेऊन खाली गेलेलं मूल काहीही न जाणवता बेशुद्ध पडू शकतं. काठावर जाणता माणूस हवाच.

आणखी एक : मुलींची वाढ मुलांआधी होते, तेव्हा तेराव्या वर्षीच्या वेळेवरून अठराव्या वर्षीचे आडाखे बांधू नका.

प्रश्न : ब्रेस्टस्ट्रोकला माझा मुलगा टर्ननंतर बाद झाला. तिथे १५ मीटर चालत नाहीत का?
— सुदामानगर, इंदूर

उत्तर : तिथला नियम निराळा आहे. पाण्याखाली मांडीपर्यंत हातांची एकच पूर्ण ओढ आणि पहिल्या ब्रेस्टस्ट्रोक किकआधी एकच डॉल्फिन किक. दुसऱ्या ओढीत हात आत वळण्याआधी डोकं पृष्ठभागाबाहेर यायला हवं. बहुतेक मुलं हात पुढे आणताना नकळत दुसऱ्यांदा पाय झटकतात आणि पंच नेमकं तेच पाहतो. त्या क्षणी पायाचे अंगठे जुळवून पाय ताठ ठेवायला सांगा, आणि आठवडाभर फक्त हा एक भाग सावकाश करून घ्या.