लॉर्ड रिपन खरोखर उदारमतवादी होते, की ग्लॅडस्टन यांचे धोरण राबवणारे केवळ एक सरदार?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. ज्यांना आपल्याकडे स्थानिक स्वराज्याचे जनक म्हटले जाते, त्या लॉर्ड रिपन यांचे विलायतेच्या राजकारणात स्थान काय होते, आणि हिंदुस्थानात त्यांनी जे केले ते स्वतःच्या मतांमुळे की पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या सांगण्यावरून. माझ्या मते ती मते त्यांची स्वतःचीच होती आणि व्हाइसरॉय होण्यापूर्वी जवळजवळ तीस वर्षे ती तयार झालेली होती. पाठ्यपुस्तकांत रिपन यांची केवळ १८८० ते १८८४ ही चार वर्षे येत असल्यामुळे ही गोष्ट लक्षात येत नाही.

जॉर्ज फ्रेडरिक सॅम्युएल रॉबिन्सन, म्हणजे पुढचे लॉर्ड रिपन, यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८२७ रोजी १०, डाउनिंग स्ट्रीट येथे झाला, कारण त्या वेळी त्यांचे वडील लॉर्ड गोडरिच काही महिन्यांपुरते इंग्लंडचे पंतप्रधान होते. शाळा किंवा विद्यापीठ यांपैकी कशाचेही तोंड त्यांनी पाहिले नाही. शिक्षण घरीच झाले. एवढ्या मोठ्या घराण्यातील हा तरुण १८५० च्या सुमारास ख्रिस्ती समाजवाद्यांच्या गटात सामील झाला आणि १८५२ मध्ये लोकशाहीचा पुरस्कार करणारी एक पुस्तिका त्याने लिहिली. ती इतकी जहाल होती की गटाचे नेते एफ. डी. मॉरिस यांनीच तिचा प्रसार थांबवला. सामान्य माणसाला राज्यकारभारात भाग मिळाला तरच तो त्यासाठी तयार होतो, ही त्यांची धारणा याच काळातली आहे.

१८५२ पासून ते हाउस ऑफ कॉमन्समध्ये होते. १८५९ मध्ये वडील आणि चुलते यांच्या निधनानंतर दोन अर्लपदे त्यांच्याकडे आली आणि ते लॉर्डांच्या सभागृहात गेले. पुढे ते युद्धमंत्री झाले, १८६६ मध्ये थोडे महिने भारतमंत्री होते, आणि ग्लॅडस्टन यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात लॉर्ड प्रेसिडेंट, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाचे (प्रिव्ही कौन्सिलचे) प्रमुख. अमेरिकेच्या यादवी युद्धात बंडखोर दक्षिणेसाठी इंग्लंडमध्ये बांधलेल्या ‘अलाबामा’ या युद्धनौकेने केलेल्या नुकसानीबद्दल अमेरिकेशी चाललेला जुना तंटा लवादाकडे सोपवणारा १८७१ चा वॉशिंग्टन तह ज्या शिष्टमंडळाने केला, त्याचे ब्रिटिश बाजूचे प्रमुख तेच होते आणि मार्क्विस हा किताब त्यांना त्याबद्दलच मिळाला.

१८७४ मध्ये त्यांनी रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला. ते तोवर इंग्लंडमधील फ्रीमेसन मंडळाचे, म्हणजे कॅथलिकांना निषिद्ध असलेल्या एका गुप्त बंधुसंघटनेचे, ग्रँड मास्टर होते. ते पद त्यांनी सोडले आणि वृत्तपत्रांनी त्यांच्यावर झोड उठवली. त्याच वर्षी ग्लॅडस्टन यांनी जाहीरपणे लिहिले की कॅथलिक होणारा माणूस आपली राजनिष्ठा दुसऱ्याच्या हाती देतो. त्याच ग्लॅडस्टन यांनी सहा वर्षांनी त्यांना व्हाइसरॉय नेमले, आणि तेव्हाही कॅथलिक माणूस हिंदुस्थानात पाठवल्याबद्दल विलायतेत निषेध झाला. स्वतःच्या श्रद्धेपायी इतकी किंमत मोजणारा माणूस केवळ पक्षाच्या आज्ञेने वागत होता, असे म्हणणे मला पटत नाही.

हिंदुस्थानातील त्यांच्या कामांपैकी देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा आधीचे व्हाइसरॉय लिटन यांचा कायदा १८८२ मध्ये रद्द करणे हे ठळक आहेच. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामाला बंदी झाली. मात्र मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा नको असलेल्या लँकेशायरच्या मालकांचाही त्यामागे रेटा होता, हे विसरू नये. खरे रिपन दिसतात ते १८ मे १८८२ च्या ठरावात. कारभार तत्काळ सुधारेल म्हणून नव्हे, तर लोकांचे राजकीय शिक्षण व्हावे म्हणून स्थानिक मंडळे हवीत, त्यांत बिनसरकारी सभासद किमान दोनतृतीयांश असावेत आणि शक्य तेथे अध्यक्षही बिनसरकारी असावा, असे त्यात म्हटले आहे. परंतु अंमलबजावणी प्रांतांच्या सरकारांवर सोडल्यामुळे, ज्या अधिकाऱ्यांचे अधिकार कमी व्हायचे होते त्यांच्याच हाती तो ठराव गेला. लंडनच्या इंडिया कौन्सिललाही, म्हणजे भारतमंत्र्यांच्या सल्लागार मंडळालाही, हे धोरण रुचले नव्हते.

याच वर्षी त्यांनी शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. शहरांतील प्राथमिक शाळांचा खर्च नगरपालिकांनी द्यावा, पण व्यवस्था सर्वस्वी त्यांच्याकडे सोपवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. स्थानिक सत्ता गावातील वरच्या वर्गाच्या हाती जाईल, ही शक्यता रिपन यांच्या ठरावात पुरेशी विचारात घेतलेली दिसत नाही. माझ्या मते त्यांच्या उदारमतवादाची मर्यादा येथे आहे.

इल्बर्ट विधेयकाची कथा आपल्याला ठाऊक असेल. जिल्ह्यांतील हिंदी न्यायाधीशांना युरोपियन आरोपींचे खटले चालवता यावेत, एवढाच त्याचा हेतू होता. कलकत्त्यातील व्यापारी आणि मळेवाले यांनी असा गदारोळ केला की १८८४ मध्ये निम्मे ज्युरर युरोपियन किंवा अमेरिकन असण्याचा हक्क आरोपीला देऊन तडजोड करावी लागली. रिपन येथे हरले. मात्र संघटित दबावापुढे सरकार वाकते, हे सुशिक्षित हिंदी लोकांनी तेव्हा पाहिले आणि पुढच्याच वर्षी मुंबईत काँग्रेस भरली. डिसेंबर १८८४ मध्ये परतताना कलकत्त्यापासून मुंबईपर्यंत लोकांनी त्यांना जो निरोप दिला, तसा पूर्वीच्या कोणत्याही व्हाइसरॉयला मिळाला नव्हता. मुंबई महापालिकेच्या आजच्या मुख्यालयाची कोनशिला त्यांनी त्याच मुक्कामात बसवली.

विलायतेत परतल्यावर त्यांनी आयर्लंडच्या होमरूलची, म्हणजे अंतर्गत स्वराज्याची, बाजू घेतली, आणि १८९२ ते १८९५ या काळात ते वसाहतमंत्री होते. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ या ब्रिटिश वसाहतीतील हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेणाऱ्या विधेयकाविरुद्ध १८९४ मध्ये तरुण गांधींनी सुमारे दहा हजार सह्यांचा जो अर्ज विलायतेला पाठवला, तो याच लॉर्ड रिपन यांच्या नावे होता. त्या रूपात विधेयकाला संमती मिळाली नाही. १८९६ मध्ये नाताळ सरकारने वंशाचा उल्लेख टाळून तोच हेतू दुसऱ्या कायद्याने साधला.

१९०५ नंतरच्या लिबरल सरकारात ते लॉर्डांच्या सभागृहाचे नेते होते. १९०८ मध्ये लंडनमधील कॅथलिकांच्या मिरवणुकीत धार्मिक विधी करण्यास त्यांच्याच सरकारने आडकाठी केली. त्याच ऑक्टोबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. प्रकृतीचे कारण पुढे केले असले तरी खरे कारण ही नाराजी होती. ९ जुलै १९०९ रोजी यॉर्कशायरमधील स्टडली रॉयल येथे त्यांचे निधन झाले.