दोन वर्षांची मुदत संस्थाचालकांच्या आश्वासनांवर थांबत नाही

प्रश्न : माझ्या मुलीने २०१९ मध्ये आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका खासगी संस्थेत बी.एस्सी. रेस्पिरेटरी थेरपीला (श्वसनोपचाराच्या पदवीला) प्रवेश घेतला. पदवी परराज्यातल्या एका खासगी विद्यापीठाची मिळणार होती. तीन वर्षं आणि वर्षभराची इंटर्नशिप करून ती आता एका रुग्णालयाच्या आयसीयूत काम करते. आखातातल्या नोकरीसाठी कागदपत्रांची पडताळणी झाली, तेव्हा विद्यापीठाने १८ जुलै २०२४ च्या ई-मेलने कळवलं की महाराष्ट्रात त्यांचं कोणतंही केंद्र नाही. संस्थाचालक तेव्हापासून ‘मान्यतेचं काम चालू आहे, महिनाभरात होईल’ असं सांगताहेत. आता म्हणतात, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून द्या, दुसऱ्या विद्यापीठाची पदवी काढून देतो. काय करावं?

उत्तर : कोविडनंतर अशी पत्रं वाढली आहेत. कुठे डायलिसिस, कुठे ऑपरेशन थिएटर टेक्निशियन, तुमच्याकडे रेस्पिरेटरी थेरपी. फसवणूक झाली का, हे मी समजावत बसणार नाही, ते तुम्हाला कळलेलं आहे. तुमच्या सात पानी पत्रातल्या एका तारखेवर सगळं अडलं आहे : १८ जुलै २०२४.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. समोरचा वकील म्हणेल, कारण २०१९ मध्ये प्रवेश घेतला तेव्हाच घडलं. आपण म्हणायचं, विद्यापीठाचा ई-मेल आला तेव्हा खरं काय ते कळलं. हे टिकेल असं मला वाटतं. पण मग त्याच हिशोबाने १८ जुलै २०२६ ला दोन वर्षं भरतात. संस्थाचालकांनी या काळात जितकी आश्वासनं दिली, त्यातल्या एकानेही ही मुदत थांबलेली नाही. पत्रव्यवहार चालू होता, फोन चालू होते, ‘साहेब मुंबईला गेलेत’ हे ऐकणं चालू होतं, याने मुदत वाढत नाही. उशीर माफ करायचा अधिकार ग्राहक आयोगाला त्याच कलमात आहे, पण त्यासाठी सबळ कारण लागतं. ‘विश्वास ठेवला’ हे कारण एखाद्या आयोगाला पटेल, एखाद्याला पटणार नाही. त्या भरवशावर राहू नका. ई-मेल हातात आल्यावर इतके दिवस गप्प बसायला नको होतं, हे मला स्पष्ट सांगावं लागतं, कारण हीच चूक करणारी आणखी बरीच घरं हे वाचत असतील.

आता तो स्टॅम्पपेपर. त्यावर सही करू नका. ‘तक्रार नाही’ असं लिहून दिलंत की पैशाचा दावा तुम्हीच संपवलात. आणि २०२३ मध्ये शिकून बाहेर पडलेल्या मुलीला दुसरं विद्यापीठ आज पदवी देणार कशी? मागच्या तारखेचा प्रवेश दाखवून. आतापर्यंत ती फसवली गेलेली विद्यार्थिनी आहे. असा कागद जाणूनबुजून वापरला तर उद्या तिच्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो.

तुम्ही पाठवलेली गुणपत्रिका मी नीट पाहिली. वर विद्यापीठाचं नाव, डाव्या कोपऱ्यात परराज्यातल्या कॅम्पसचा पत्ता, मधोमध ‘रेग्युलर मोड’. मुलीने तो कॅम्पस कधी पाहिलेला नाही. तिचे वर्ग बाजारपेठेतल्या दोन खोल्यांत झाले आणि प्रॅक्टिकल तुमच्याच जिल्ह्यातल्या रुग्णालयात. म्हणजे ती इथे एबीजीचे (रक्तातल्या वायूंच्या तपासणीचे) नमुने घेत होती, व्हेंटिलेटरची सेटिंग्ज शिकत होती, तेव्हा कागदावर ती शेकडो किलोमीटरवरच्या वर्गात हजर होती. विद्यापीठ आज हात झटकत असलं तरी एनरोलमेंट नंबर त्यांच्याच नोंदीत आहे, हे त्यांच्या ई-मेलमध्येच लिहिलंय. म्हणून तक्रारीत संस्था चालवणारा ट्रस्ट आणि विद्यापीठ, दोघांनाही सामनेवाले करा.

माहितीपत्रकावर ‘यूजीसी मान्य विद्यापीठ’ लिहिलं होतं आणि ते खरं होतं, म्हणून तुम्ही फसलात. विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे, पण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००३ च्या नियमांप्रमाणे खासगी विद्यापीठ एकात्मिक असतं. त्याला कॉलेजं संलग्न करून घेता येत नाहीत आणि परवानगीशिवाय राज्याबाहेर केंद्रही उघडता येत नाही. छत्तीसगडच्या खासगी विद्यापीठांबद्दलच्या यशपाल खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकारांची चांगलीच दखल घेतली होती. जमीन घेताना तुम्ही सातबारा, फेरफार सगळं काढून पाहिलं असतं. मुलीच्या चार वर्षांसाठी मात्र रंगीत माहितीपत्रकावर भागवलंत.

तक्रार कुठे करायची? तुमच्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात. तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते. प्रवेश अर्जात ‘न्यायक्षेत्र फक्त अमुक शहर’ आणि ‘फी परत मिळणार नाही’ अशा अटी आहेत, त्यांना मी फारसं महत्त्व देत नाही. पावत्यांची बेरीज चार लाख साठ हजार होते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रारदार म्हणून मुलीचं नाव हवंच, फी तुमच्या खात्यातून गेली म्हणून तुमचंही घाला. रोख दिलेल्या रकमेला पावती नाही, तिथे बँकेतून पैसे काढल्याच्या नोंदी आणि व्हॉट्सॲप संदेश उपयोगी पडतील. तो फोन विकू नका, चॅट पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडायला वकिलाला आठवण करा. ‘विकास निधी’ नावाची जी पावती आहे तीही लावा, तिच्यावर ट्रस्टचा शिक्का आहे.

इथे एक अडचण आहे. शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याखाली येतात का, यावर एकमत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०२० मध्ये मनू सोळंकी प्रकरणात ‘येत नाहीत’ असं म्हटलं आणि त्यावरचं अपील त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दाखल करून घेतलं. तुमच्या बाजूने पाटण्याच्या बुद्धिस्ट मिशन डेंटल कॉलेजचा २००९ चा निकाल आहे. संलग्नता आणि मान्यता असल्याचं खोटं सांगून प्रवेश दिले, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्या कॉलेजला सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथेसाठी जबाबदार धरलं. तुमची गोष्ट त्याच्या जवळची आहे. तरीही आयोगाने दार लावलंच, तर दिवाणी दावा उरतो. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं मिळतात आणि प्रामाणिकपणे चुकीच्या ठिकाणी गेलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १४ खाली वगळून मागता येतो. पण ‘प्रामाणिकपणे’ म्हणायला पहिली तक्रार मुदतीत असलेली बरी.

निकाल कधी लागेल, हे विचारू नका. कायद्यात तीन महिन्यांचं उद्दिष्ट लिहिलं आहे आणि आयोगांत तारखांवर तारखा पडतात. पाटण्याच्या त्या विद्यार्थ्यांनी १९९० च्या दशकात प्रवेश घेतला होता आणि अंतिम निकाल २००९ मध्ये लागला. तरुण मुलांची उमेदीची वर्षं अशी कोर्टात जातात, याची मला चीड आहे.

पोलिसांत तक्रार जरूर द्या. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची, म्हणून कलम भारतीय दंड संहितेचं ४२० लागेल. त्याच बॅचची आणखी मुलं सोबत आली तर वजन पडेल. पण एफआयआरने फी परत येते, या समजात राहून ग्राहक तक्रार लांबवू नका. नोटीस पाठवायची तर सात दिवसांची पाठवा, उत्तर येवो न येवो.

मुलीबद्दल तुम्ही कमी लिहिलंय, मला तिचीच जास्त काळजी आहे. ही पदवी तिने आता कुठल्याही अर्जाला जोडू नये. सध्याच्या रुग्णालयाला तिने स्वतःहून लेखी कळवावं, असं माझं मत आहे. नोकरीचं स्वरूप बदलेल, कदाचित नोकरी जाईल, पण व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचं काही बरंवाईट झालं आणि तेव्हा पात्रतेचा प्रश्न निघाला, तर ती एकटी पडेल. संलग्न (अलाइड) व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीचा २०२१ चा केंद्रीय कायदा हळूहळू लागू होतो आहे. इतका हळू, की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना दोन महिन्यांची मुदत द्यावी लागली. त्याच्या अनुसूचीत रेस्पिरेटरी टेक्नॉलॉजिस्ट आहे आणि व्याख्येत किमान दोन हजार तासांचं, दोन ते चार वर्षांचं सेमिस्टरवार शिक्षण मागितलं आहे. त्यामुळे आता कुणी सांगेल तो बारा महिन्यांचा ‘ॲडव्हान्स डिप्लोमा’ करून तिचं काही भलं होणार नाही.

ती नव्याने प्रवेश घेईल तेव्हा जुन्या वर्षांची सूट मिळेल असं धरून चालू नका. नव्या संस्थेकडे एकच कागद मागा : विद्यापीठाचं, त्या कॉलेजचं आणि त्या अभ्यासक्रमाचं नाव असलेलं चालू वर्षाचं संलग्नता पत्र. मग ते विद्यापीठाच्या कार्यालयात, आपलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ असेल तर नाशिकला, लेखी विचारून पडताळा. हे पत्र दाखवता येत नाही असं कुणी म्हणालं, तर फी भरू नका.