उडी मारताना घोडीच्या पायाला बांबू लागला, काय करू?

प्रश्न: माझी घोडी ९ वर्षांची आहे, रविवारी जंपिंग करताना पुढचा डावा पाय बांबूवर आपटला, लंगडत नाहीये पण नळीवर (गुडघ्याखालच्या हाडावर) लिंबाएवढी सूज आलीये. घोडीची देखभाल करणारे सईसकाका म्हणतात गरम शेक द्या. देऊ का?

उत्तर: नाही, शेक अजिबात नको गं! ताज्या माराला गारच लागतं, गरम केलंस तर सूज अजून वाढेल. पाइपने गार पाणी १५-२० मिनिटं सोड, दिवसातून २-३ वेळा, बर्फ लावलास तर मधे फडकं ठेव. आणि हात लावून दोन्ही पाय ताडून बघ, कुठला जास्त गरम लागतो, दाबल्यावर ती पाय ओढून घेते का, सूज नळीवर पुढेच आहे की मागे टेंडनवर (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागावर). मागे असेल तर थांबू नकोस, सरळ डॉक्टरांना बोलव, कारण टेंडनचं दुखणं सुरुवातीला किरकोळच वाटतं आणि मग महिनोन् महिने घोडा कामाविना नुसता उभा राहतो.

दुसऱ्या दिवशी कडक जमिनीवर सरळ रेषेत ट्रॉट (दुडकी चाल) करवून बघ, डोकं वरखाली करते का ते, करत असेल तर ती लंगडतेय. सूज पूर्ण उतरेपर्यंत उड्या बंद, वर न बसता नुसतं हाताने धरून चालवायचं. दुखण्याचं औषध मनाने देऊ नकोस हं, दुखणं झाकलं जातं आणि ती पायावर जोर देते. सांध्याजवळ बारीकशी जरी जखम दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टर, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय तेही विचार.